आवाज मागून येतो

सलग एकोणीस वेळा बॅट घेऊन मैदानात गेलेली आणि एकोणीसही वेळा हात हलवत परत आलेली मुलगी जेवायला बसली, की त्या घरात सूपसुद्धा आवाज न करता प्यावं लागतं. कुवाबारांच्या घरी जूनपासून हेच चाललं होतं. आता ऑक्टोबर संपत आला होता.

चिहारू सहावीत होती. तिसरीपासून ती वस्तीतल्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघात खेळायची. संघाचं नाव 'चिमण्या'. तीन आठवड्यांनी वर्षातली शेवटची स्पर्धा होती आणि त्यानंतर सहावीच्या चिमण्यांनी घरटं सोडायचं, असा रिवाज होता. त्या संध्याकाळी चिहारूने सूपची वाटी खाली ठेवली आणि उद्या वारा सुटणार आहे असं सांगावं तशा आवाजात म्हणाली, "या स्पर्धेत एक तरी फटका लागला तर ठीक. नाही लागला तर माध्यमिक शाळेत मी शिवणकामाच्या मंडळात जाणार."

"शिवणकाम काही वाईट नाही," तिची आई सातोए म्हणाली.

वाईट नव्हतंच. पण कुवाबारांच्या घशात मुळ्याचं लोणचं अडकलं. ग्लोव्ह उशाशी घेऊन झोपणारी ही मुलगी टेबलक्लॉथला झालर लावत बसलेली त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

"दोष तुझ्या बॅट फिरवण्यात आहे," ते म्हणाले. "तो मी काढतो."

"तुम्ही?" सातोएने विचारलं. या एका शब्दात तिने सोळा वर्षांचा संसार भरला होता.

"मी हायस्कुलात तीन वर्षं बेसबॉलच्या संघात होतो, विसरलीस का?"

हे खरं होतं. फक्त त्या तीन वर्षांत कुवाबारांनी एकदाही बॅट घेऊन मैदानात पाऊल टाकलं नव्हतं, एवढा तपशील त्यांनी घरात सांगितला नव्हता. संघात साठ मुलं होती, खेळायचे नऊ. उरलेल्यांपैकी कुणी चेंडू पुसायचे, कुणी ओरडून उत्साह द्यायचे, आणि ज्याचं अक्षर चांगलं तो कट्ट्यावर बसून गुणवही लिहायचा. कुवाबारांचं अक्षर फारच चांगलं होतं. अजूनही चिहारूच्या प्रत्येक सामन्याला ते स्वतःची छोटी गुणवही घेऊन जायचे. एकोणीस हा आकडा तिच्यातलाच होता.

पहिला प्रश्न जागेचा. समोर बाग होती, ऐसपैस होती. पण बागेच्या दाराशी पाटी होती आणि पाटीवर अकरा मनाया होत्या. सातवी मनाई अशी: 'बॅट फिरवू नये (चेंडू नसला तरी).' ही पाटी आठ वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या बगीचे विभागातल्या एका कारकुनाने लिहिली होती आणि त्या कंसाबद्दल साहेबांनी त्याची पाठ थोपटली होती. तो कारकून म्हणजे कुवाबाराच. आपल्याच पायावर पाडलेला धोंडा इतक्या सुवाच्य अक्षरात फार थोड्यांना वाचायला मिळतो.

तरी खास परवानगीचा अर्ज होता. त्यावर तीन शिक्के लागत: अर्जदाराचा, तपासणाऱ्या कारकुनाचा आणि साहेबांचा. कुवाबारांनी घरी अर्ज भरला, कचेरीत आणून आपल्याच टेबलावरच्या 'आवक' ट्रेमध्ये ठेवला, खुर्चीवर बसले आणि तो उचलून तपासायला घेतला. अर्जात काही चूक नव्हती. साहेबांना मात्र दिसली.

"कुवाबारा, अर्ज करणारा तूच आणि तपासणारा पण तूच? लोक काय म्हणतील? हा रस्ते विभागाकडे पाठव तपासायला."

"किती दिवस लागतील, साहेब?"

"नियमाने तीन आठवडे. तुला माहीत नाही? नियम तूच टाइप केलायस."

तीन आठवडे म्हणजे स्पर्धा संपल्यावरचा सोमवार. राहिली ती त्यांच्या तीन नंबरच्या इमारतीमागची, सायकलींच्या शेडजवळची चटईएवढी जागा. "आपण तिथे सराव करू," असं कुवाबारांनी सांगितलं तेव्हा चिहारू नुसतं "हं" म्हणाली. ती जागा तिला नवी नसावी असं त्या 'हं'वरून वाटायला हवं होतं. पण बाप जेव्हा गुरू होतो तेव्हा आधी त्याचे कान जातात.

आता कुवाबारा हे सभ्य गृहस्थ. शेजाऱ्यांना त्रास होण्याआधीच त्या त्रासाची माफी मागून यायची, ही त्यांच्या देशातल्या सभ्य माणसांची रीत. घरात खिळा ठोकायचा असला तरी वर-खाली जाऊन वाकून यायचं. तेव्हा एका रविवारी त्यांनी तांदळाच्या कुरकुरीत पापड्यांचे चोवीस डबे घेतले आणि चोवीस दारं वाजवून चोवीसदा कमरेतून वाकले. "माझी मुलगी मागच्या बाजूला बॅट फिरवणार आहे. आवाजाचा त्रास होईल. आधीच क्षमा मागतो."

तोवर इमारतीत फारसा कुणाला बॅटचा पत्ता नव्हता. आता चोवीस घरांच्या खिडक्या उघडल्या. त्यातून दुसरी रीत अशी, की कुणाकडून काही घेतलं तर त्याची परतफेड केल्याशिवाय घास गोड लागत नाही. पण पापड्यांच्या डब्याला परत द्यायचं काय? लोकांनी विचार केला आणि बिनखर्चाची वस्तू शोधली. सल्ला.

पहिले आले वस्तीच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष ओगुची. निवृत्त पोलीस. लाकडी तलवारीच्या खेळात पाचवी पायरी चढलेले.

"कुवाबारासाहेब, पापड्या छान होत्या. पोरीचं मनगट बघितलं. ढिलं आहे. मनगट म्हणजे सगळं. पोरी, मूठ अशी आवळ, चोराची कॉलर धरल्यासारखी!"

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या इजिमाबाई आल्या. त्या पारंपरिक नाच शिकवायच्या. "अगं बाई, मूठ कशाला आवळतेस? रागावलीयेस का कुणावर? सगळं गुडघ्यात असतं. गुडघे मऊ सोड, मान वळव, आणि नजर मागून येऊ दे."

"नजर मागून कशी येईल? चेंडू पुढून येतो," ओगुची खिडकीतून म्हणाले.

"तुम्ही चोर पकडा हो. हे अंगाचं शास्त्र आहे."

मग आले काबुरागी. त्यांचं चाळीस वर्षं उडोनच्या जाड शेवयांचं दुकान होतं. पिठाचा गोळा पायांनी तुडवून मळायचा असतो, त्यामुळे काबुरागींचा आपल्या टाचांवर गाढ विश्वास होता. "जोर टाचेतून येतो, पोरी. टाच दाब. दाबलीस? आता फिरव. टाच का उचललीस?"

"फिरताना उचलावीच लागते, काबुरागी आजोबा," चिहारू म्हणाली.

"माझ्या दुकानात उचलली असतीस तर काढून टाकलं असतं."

चोवीसांपैकी तेवीस घरांची परतफेड झाली. फक्त तळमजल्यावरच्या मोरोझुमीबाई आल्या नाहीत. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या, चिमट्यासारख्या बारीक. त्यांची खिडकी सायकलींच्या शेडसमोरच होती. तिचा पडदा बोटभर सरकलेला असे आणि त्या फटीतून वहीचा कोपरा दिसे. कुवाबारांना त्या फटीची भीती वाटू लागली.

दहा दिवसांत चिहारूच्या अंगात पोलीस, नर्तकी आणि शेवयावाला असे तिघं राहायला आले. मूठ आवळायची, गुडघे सोडायचे, टाच दाबायची. यावर कुवाबारांची भर अशी की कोपर खांद्याच्या रेषेत ठेवायचं. हे त्यांनी हायस्कुलात कट्ट्यावरून प्रशिक्षकांना ओरडताना ऐकलं होतं. इतकं सगळं आठवून होईपर्यंत चेंडू मागे पोचून परतसुद्धा आलेला असे. वाढदिवसाला, जूनमध्ये, घेतलेली ती चकचकीत निळी बॅट कुवाबारा रोज सरावानंतर मऊ फडक्याने पुसून पिशवीत घालायचे. निदान बॅट तरी उत्तम आहे, एवढंच त्यांना समाधान होतं.

दुसऱ्या शनिवारी मैत्रीचा सामना झाला. चिहारू तीनदा गेली, तीनदा परत आली, आणि तिसऱ्या वेळी स्वतःभोवती फिरून चक्क खाली बसली. प्रतिस्पर्धी मुलींनी हसू दाबलं. चिहारूने पँटची माती झटकली, टोपी डोळ्यांवर ओढली आणि कट्ट्यावर येऊन सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरायला घेतल्या. टोपीखाली काय चाललं होतं ते कुवाबारांना न बघताही कळलं. त्यांनी गुणवहीत एकोणीसचे बावीस केले. पेन्सिलीचं टोक मोडलं.

प्रशिक्षक नेगिशी तांदळाचे व्यापारी होते, बोलण्यात मापाला पक्के. त्यांनी कुवाबारांना बाजूला घेतलं.

"या मुलीच्या बॅट फिरवण्यात कुणी हात घातलाय?"

"जी... थोडं मार्गदर्शन..."

"पुढच्या रविवारी तिच्या जागी पाचवीतली मिकोतो खेळेल. चिहारूने चार वर्षं कधी दांडी मारली नाही, म्हणून शेवटी तिला एक संधी देईन. एकच. आणि कुवाबारासाहेब, तोवर तिला कुणी काही शिकवू नका."

घरी परतले तर दाराशी फिरती फाइल. वस्तीतल्या सूचना या फाइलमधून दारोदार जायच्या. वाचली की आपल्या नावाच्या चौकोनात शिक्का मारायचा आणि शेजारच्या दाराशी ठेवायची. आत एकच कागद होता. 'तिसऱ्या इमारतीमागे बॅट फिरवण्याच्या कृत्याबाबत तक्रार. चर्चा शुक्रवारी सहा वाजता, सभागृहात. तक्रारदार: मोरोझुमी.' पंचवीसपैकी बावीस शिक्के आधीच पडले होते. सरकारी नोकराविरुद्ध तक्रार! कुवाबारांनी आपला शिक्का मारला तो उलटा उमटला.

शुक्रवारी सभागृह भरलं. चिहारूही आली. "माझ्यामुळे आहे, मी येणार," म्हणाली आणि शेवटच्या खुर्चीवर मांडीत बॅटची पिशवी घेऊन बसली. ओगुचींनी घसा साफ केला. पण चर्चा सुरू होण्याआधीच मनगट मोठं की टाच यावरून काबुरागी उभे राहिले, इजिमाबाईंनी गुडघा करून दाखवला, आणि नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण कुणी कुणाला उद्देशून वापरली यावर पाच मिनिटं गेली. कुवाबारा ठरल्याप्रमाणे उठले आणि कपाळ टेबलाला लागेपर्यंत वाकले. "आवाजाबद्दल मी अत्यंत..."

"थांबा," मोरोझुमीबाई म्हणाल्या. "माझी तक्रार आवाजाबद्दल नाही. आवाज बिघडवल्याबद्दल आहे."

बाईंनी मांडीवरची वही टेबलावर ठेवली.

"मी तीस वर्षं रेशमाच्या गिरणीत होते. धागा तुटायच्या आधी यंत्राचा आवाज बदलतो. तो ज्याला कळला नाही त्याची नोकरी गेली. माझी नाही गेली." त्यांनी वही उघडली. "तक्रार करायला पुरावा लागतो म्हणून मी एप्रिलपासून लिहितेय. ऐका. बारा एप्रिल. संध्याकाळी पाच दहा ते पाच पंचवीस. पन्नास वेळा. आवाज पुढे, बारीक. तेरा एप्रिल. पन्नास वेळा. पुढे, बारीक. चौदा एप्रिल, पाऊस. छत्री घेऊन आली. पन्नास वेळा."

"एप्रिलपासून?" कुवाबारांनी वळून मागे बघितलं. चिहारू पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. ते कचेरीतून यायचे सहाला. ती मुलगी रोज, एकटी, कुणाला न सांगता, पन्नास वेळा. आणि आपण तिला मोठ्या थाटात ती जागा दाखवली.

"मग तक्रार का नाही केलीत तेव्हाच?" ओगुचींनी विचारलं.

"पुरावा जमवता जमवता सवय झाली. त्या आवाजावर मी भात लावायची." बाईंनी पान उलटलं. "आठ जूनपर्यंत पुढे. नऊ जून: मागे, जाड. दहा जून: मागे, जाड. तेव्हापासून आजवर आवाज मागून येतोय. बॅट फिरते तेव्हा सुंई असा आवाज अंगाच्या पुढे यायला हवा. हिचा खांद्यामागे येतो, आणि पुढे पोचेपर्यंत वारा मेलेला असतो. आणि तुम्ही शहाणे लोक आल्यापासून तर तालही गेला. नऊ जूनला काय झालं ते शोधा. मनगट म्हणे, टाच म्हणे!"

कुवाबारांचा हात आपोआप खिशातल्या छोट्या गुणवहीकडे गेला. एप्रिल, मे: अकरा वेळा मैदानात, चार फटके. नऊ जूनपासून: बावीस वेळा, शून्य. आठ जून हा चिहारूचा वाढदिवस.

दुकानात ते स्वतः म्हणाले होते, "याच्यापेक्षा एक माप मोठी द्या. मूल वाढतंय, माध्यमिक शाळेतही चालेल." चिहारूचा शाळेचा कोट असा घेतला होता, बूट असे घेतले होते, पावसाळी टोपी अशी घेतली होती की तीन वर्षं तिला पुढचं दिसलं नव्हतं. बॅटही वाढत्या अंगाची घेतली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळसा ते रोज फडक्याने पुसत होते.

घरी येताना जिन्यात त्यांनी विचारलं, "बॅट जड होतेय का गं?"

चिहारू दोन पायऱ्या वर गेली. "हं."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दुकानात इतके खूश होता, बाबा. म्हणालात, ही तीन वर्षं पुरेल. मला वाटलं, मी लवकर वाढेन."

कुवाबारा जिन्यातच थांबले. सॉरी म्हणायला त्यांच्या भाषेत निदान सात प्रकार होते आणि ते सगळे कचेरीत वापरून झाले होते. या मुलीला द्यायला एकही कोरा उरला नव्हता. शेवटी ते एवढंच म्हणाले, "माझं चुकलं, चिहारू. दोष तुझा नव्हता." तिने मान हलवली आणि त्यांच्या हातातून बॅटची पिशवी घेतली.

जुनी बॅट रिवाजाप्रमाणे धाकट्या मुलीला देऊन झाली होती. ती मिकोतो. तीच रविवारी चिहारूच्या जागी खेळणार होती आणि त्याच बॅटने मजेत फटके मारत होती. "तिच्याकडून मागू?" कुवाबारांनी विचारलं. "नाही," चिहारू म्हणाली.

शनिवारी सकाळी सायकलींच्या शेडजवळ चिहारू उभी राहिली. नेगिशींनी शिकवायला मनाई केली होती, तेव्हा कुवाबारा तोंडावर हात ठेवून उभे होते. मोरोझुमीबाई खिडकी सताड उघडून, डोळे मिटून बसल्या. चिहारूने बॅट फिरवली.

"मागे," बाई म्हणाल्या.

चिहारूने मूठ एक बोट वर सरकवली, म्हणजे बॅट तेवढी आखूड झाली.

"मागेच."

अजून एक बोट. वरच्या मजल्यांवर तोंडं उघडली, पण बाईंनी न बघता हात वर केला आणि ती मिटली. अजून अर्धं बोट.

"हं," बाई म्हणाल्या. "आता भात लावता येईल."

रविवारी आकागी डोंगरावरून कोरडा वारा असा सुटला की मैदानातल्या चुन्याच्या रेषा उडून शेजारच्या कोबीच्या शेतात गेल्या. गुणवही लिहायची पाळी ज्या आईची होती तिला ताप आला आणि नेगिशींनी संघाची अधिकृत गुणवही कुवाबारांच्या हातात दिली. तिसऱ्या इमारतीतले लोक डबे घेऊन आले होते. मोरोझुमीबाई एका टोकाला, मांडीवर वही.

शेवटचा डाव. चिमण्या एका गुणाने मागे, तीनपैकी दोन गडी बाद, पळायला बेसवर कुणी नाही. नेगिशींनी पंचाला खूण केली. चिहारू उठली.

कुवाबारांनी पेन्सिलीला टोक केलं. ते बरं होतं, पुन्हा केलं. समोरची मुलगी हात गर्रकन फिरवून खालून असा चेंडू टाकायची की तो दिसायच्या आधी ऐकू यायचा. पहिला चेंडू चिहारूने सोडला. पंच ओरडला, चांगला चेंडू. दुसरा तिने मारला, तो रेषेबाहेर कोबीत. दोन झाले. आता एकच, तो चुकला की बाद. ओगुची मूठ आवळून बसले होते, इजिमाबाईंचे गुडघे थरथरत होते, काबुरागींनी टाच जमिनीत रुतवली होती, आणि कुणी एक शब्द बोलत नव्हतं. चिहारूने बॅट खाली घेतली, मूठ अडीच बोटं वर सरकवली आणि पुन्हा उभी राहिली.

आवाज आला. नंतर चेंडूचाही आला.

चेंडू जमिनीलगत सणसणत दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या मुलीकडे गेला, सरळ तिच्या हातमोज्यात शिरला, आणि बाहेर पडला. तिने तो उचलून फेकेपर्यंत चिहारू पहिल्या बेसवर धुळीत लोळण घेऊन पोचली होती. तिसरी इमारत उभी राहून ओरडत होती.

आणि कुवाबारांच्या हातात पेन्सिल होती. फटका की समोरच्या मुलीची चूक? हातात आलेला चेंडू तिच्याकडून सुटला असेल तर तो फटका धरत नाहीत. ठरवायचं गुणवही लिहिणाऱ्याने. फटका इतका जोरात होता की फटका लिहिला तर कुणी भांडलं नसतं. एक छोटी रेघ. ती ओढली की शिवणकाम गेलं. सातोएने त्यांच्या बाहीला हात लावला. "लिहा ना," ती हळूच म्हणाली.

चेंडू सरळ हातमोज्यात गेला होता. तीन वर्षं कट्ट्यावर बसून कुवाबारा एकच गोष्ट शिकले होते, ती म्हणजे जे झालं ते लिहायचं. आणि या मुलीला खोटी वस्तू देऊन झाली होती एकदा, वाढत्या अंगाची. त्यांनी 'चूक' असं लिहिलं. अक्षर बिघडलं.

पुढची मुलगी बाद झाली. चिमण्या हरल्या. सगळ्यांनी ओळीने उभं राहून मैदानाला नमस्कार केला आणि चिहारू धुळीने माखलेली थेट टेबलाशी आली. तिने वहीत बोट ठेवून आपली ओळ शोधली.

"चूक?"

"चूक," ते म्हणाले. "सरळ तिच्या हातात गेला होता."

चिहारूने त्या शब्दावरून बोट फिरवलं. मग नाक पुसलं. "हो. गेला होता." ती बॅट पिशवीत घालू लागली. "बाबा, माध्यमिक शाळेत चेंडू मोठा असतो ना?"

"हो. का?"

"मग ही बॅट कुणाला देऊन टाकू नका. मी पोचते तिच्यापर्यंत."

कुवाबारांना एकदम चष्मा पुसावासा वाटला. वारा होताच, धुळीचं निमित्त झालं.

सोमवारी कचेरीत रस्ते विभागाकडून त्यांचा अर्ज मंजूर होऊन आला: बागेत बॅट फिरवण्यास, एक दिवस, कालच्या रविवारी. संध्याकाळी घरी आले तर दाराशी फिरती फाइल होती. आत मोरोझुमीबाईंच्या वहीचं फाडलेलं पान, टाचणी लावून. 'रविवार, अकरा बेचाळीस. एक वेळा. आवाज पुढे, बारीक. तक्रार नाही.' खाली तेवीस शिक्के होते. मागच्या बाजूने, सायकलींच्या शेडकडून, आवाज येत होता. कुवाबारा जिन्यात उभे राहून मोजत होते. पन्नास झाले तेव्हा त्यांनी आपला शिक्का मारला, या वेळी सरळ, आणि फाइल शेजारच्या दाराशी ठेवली.